तुमचा पाम मागे पडलेला नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: चार वर्षांपूर्वी या ताईंनी आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने एकाच दिवशी घरात ठेवायला पाम आणले. बहिणीने अरेका घेतला, यांनी पार्लर पाम. बहिणीचा अरेका आज तिच्या डोक्याच्या वर गेलाय, यांचा पाम जेमतेम गुडघ्याएवढा आहे. तो वाढावा म्हणून त्यांनी दर पंधरा दिवसांनी खत दिलं, दुप्पट मोठ्या कुंडीत हलवलं आणि शेवटी खिडकीपासून लांब असलेल्या कपाटावरून उचलून बाल्कनीत उन्हात ठेवलं. आता पानांची टोकं तपकिरी झालीत, वरची पानं फिकट पडलीत, खालची पिवळी होताहेत. पिवळं पान दिसलं की त्या कापून टाकतात. त्यातच पानांमधून बारीक पिवळ्या मण्यांचे तुरे निघाले आणि आई म्हणाली, ‘पाम फुलला म्हणजे संपला.’ शेंडा छाटला तर झाड भरेल का? घरातलं मांजर पानं कुरतडतं, ते चालेल का? आणि शेवटचा प्रश्न: ‘माझ्या हातालाच यश नाही. बहिणीला देऊन टाकू का?’

ताई,

पत्रात तुम्ही झाडाबद्दल पुष्कळ आणि नेमकं लिहिलंय. पण जवळजवळ प्रत्येक वाक्यात बहिणीचा अरेका शेजारी येऊन उभा राहतो. तो इतका वाढला, हा वाढला नाही. तिथूनच सुरुवात करू या, कारण खत, मोठी कुंडी आणि ऊन हे तुमचे तिन्ही उपाय त्या तुलनेतून आले आहेत आणि आज झाडाला जो त्रास दिसतोय तो बराचसा त्या उपायांचा आहे.

पाम हे एका झाडाचं नाव नाही. ते एक मोठं कुळ आहे, जवळपास अडीच हजार जातींचं. नारळ, खजूर, सुपारी, वेत हे सगळे त्यातलेच. अरेका पाम मूळचा मादागास्करचा. तो एका बुंध्यापाशी अनेक खोडं काढतो, भरपूर उजेड मागतो आणि जमिनीत लावला तर सहा-सात मीटरसुद्धा जातो. घरात त्याची उंची छतामुळे थांबते.

तुमचा पार्लर पाम म्हणजे चामेडोरिया एलिगन्स. काही रोपवाटिकांत त्याला अजूनही नीअँथे बेला या जुन्या नावाने विकतात. तो मूळचा दक्षिण आणि पूर्व मेक्सिको, ग्वाटेमाला आणि बेलीझमधल्या ओल्या, दाट जंगलांतला. तिथे तो मोठ्या झाडांच्या छायेत, बऱ्याचदा चुनखडीच्या जमिनीवर, जंगलाच्या तळाशी उगवतो. अशा जंगलात वरच्या फांद्यांवर पडणाऱ्या उजेडातला जेमतेम एक-दोन टक्के उजेड जमिनीपर्यंत पोचतो. एवढ्याशा उजेडावर जगायचं तर काटकसरीनेच जगावं लागतं. पानं मोजकीच, खोड बोटाएवढं, वाढ सावकाश. पूर्ण वाढलेलं झाडसुद्धा दोन-तीन मीटरच्या पुढे फारसं जात नाही आणि तिथे पोचायला त्याला बरीच वर्षं लागतात. कुंडीत तर तो पुष्कळदा मीटर-सव्वा मीटरवरच असतो. 19 व्या शतकात युरोपातल्या घरांमध्ये तो इतका रुळला तो याच गुणामुळे. जाड पडद्यांच्या अंधाऱ्या बैठकीत इतर झाडं माना टाकायची, हा टिकून राहायचा.

म्हणजे चार वर्षांत गुडघ्याएवढी उंची ही या झाडासाठी अपयश नाही. थोडी कमी आहे, हे मी मान्य करते, आणि त्याचं कारणही तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही लिहिता की कपाट खिडकीपासून चार मीटरवर होतं. खिडकीपासून दूर जावं तसा उजेड आपल्या डोळ्यांना वाटतो त्याहून कितीतरी झपाट्याने कमी होतो. आपले डोळे जुळवून घेतात, पानं तसं करू शकत नाहीत. हा पाम अंधार सहन करतो, पण सहन करणं आणि वाढणं यांत फरक आहे. कपाटावर तो तग धरून होता. त्याला थोडा उजेड हवा होता आणि तुम्ही त्याला एकदम कडक ऊन दिलंत.

आता उंचीऐवजी काय बघायचं ते सांगते. झाडाच्या अगदी मधोमध, सगळ्यात नव्या दोन पानांच्या मधून एक हिरवी, टोकदार, घट्ट मिटलेली काडी वर येते. ते येणारं पान. काही आठवडे ते तसंच बंद राहतं, हळूहळू लांबतं, मग एके दिवशी कडेने सैल होतं आणि पातं पात्यापासून सुटतं. नुकतं उघडलेलं पान बाकीच्यांपेक्षा फिकट पोपटी आणि मऊ असतं, नंतर गडद होतं. एका खोडावर वर्षाला अशी मोजकीच पानं येतात. ही काडी दिसतेय का आणि मागच्या महिन्यापेक्षा लांब झाली आहे का, एवढंच बघत चला. या पामची खरी वाढ तिथे कळते. तुम्ही आजच कुंडीजवळ जाऊन बघा. पत्रात ‘दोन-तीन हिरव्या सुया आहेत, त्या काय आहेत कळत नाही’ असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्या याच असणार. तसं असेल तर झाड वाढतंय.

आता बाल्कनी. झाड आत आणा, पण आणण्याआधी एक तपासणी करा. वरची पानं फिकट झाली ती उन्हामुळे, असं तुम्ही गृहीत धरलंय. तसंच असेल, पण आणखी एक शक्यता आहे. उन्हाने पान फिकटतं तेव्हा उन्हाकडच्या बाजूला मोठे, पांढरट-पिवळे पट्टे पडतात आणि नंतर ते वाळून कागदासारखे होतात. कोळी कीड लागली असेल तर मात्र पानभर टाचणीने टोचल्यासारखे बारीक फिके ठिपके दिसतात आणि पान दुरून धुळकट वाटतं. एक पांढरा कागद घ्या, पान त्यावर धरून वरून बोटाने टिचक्या मारा. कागदावर पडलेले कण थोडा वेळ बघा. त्यातले काही चालायला लागले तर ते कोळी. पानाच्या मागच्या बाजूला, मधल्या शिरेलगत अगदी बारीक जाळीही दिसते. भिंग असेल तर जरूर लावा, कारण हे किडे मिलिमीटरच्या अर्ध्याएवढेच असतात.

कोरड्या, गरम हवेत कोळी झपाट्याने वाढतात, अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. म्हणून एकदा धुऊन भागत नाही. न्हाणीघरात नेऊन पानांच्या मागच्या बाजूवर साध्या पाण्याची जोरदार धार मारा, दर आठवड्याला, सलग तीन-चार वेळा. तेवढ्याने आटोक्यात आलं नाही तर निंबोळी तेलाची सौम्य फवारणी करा. आधी एकाच पानावर करून दोन दिवस थांबा आणि फवारणी संध्याकाळीच करा. खोडाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. तो ओल्या कापडाने पुसून काढा. पानं चकचकीत करायचे जे फवारे मिळतात ते या झाडावर अजिबात मारू नका. पुसायला ओलं कापड पुरेसं आहे.

तपासून झालं की कुंडी खिडकीपासून साधारण एक-दोन मीटरवर ठेवा, काचेतून थेट ऊन पानांवर येणार नाही अशी. जागा बरोबर आहे का हे बघायला दुपारी पानाच्या वर हात धरा. सावली पडली पण तिच्या कडा धूसर असल्या, तर जागा योग्य. कडा कापल्यासारख्या स्पष्ट दिसल्या तर ऊन जास्त आहे. सावलीच पडली नाही तर तिथे झाड जगेल, पण वाढीची अपेक्षा ठेवू नका. फिकट झालेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. जागा बदलल्यावर जी पहिली नवी पानं उघडतील, त्यांचा रंग बघा.

आता खत. ‘वाढत नाही म्हणजे उपाशी असेल’ हा विचार मायेतून येतो, म्हणून तो मोडवत नाही. पण कमी उजेडात झाड अन्न कमी तयार करतं, पाणी कमी ओढतं, मातीतले क्षारही कमी उचलतं. दर पंधरा दिवसांनी दिलेलं खत मग मातीतच साठत राहतं. ते क्षार मुळांना पाणी ओढू देत नाहीत आणि त्याची पहिली खूण पानांच्या टोकांवर दिसते, कारण पाणी पोचण्याची ती सगळ्यात लांबची जागा. मातीच्या वर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट खपली दिसतेय का बघा. शिवाय हा पाम फ्लोराइडलाही नाजूक आहे. काही ठिकाणच्या नळाच्या पाण्यात ते असतं आणि सुपरफॉस्फेट खतातही. तेव्हा सुपरफॉस्फेट टाळा आणि पावसाचं पाणी साठवता येत असेल तर तेच वापरा.

साठलेले क्षार काढायचे तर ते धुऊनच काढावे लागतात. कुंडी मोरीत ठेवा आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश, थांबत थांबत वरून ओता. ते सगळं खालून वाहून जाऊ द्या. मग तीन-चार महिने खत पूर्ण बंद. त्यानंतर उबदार महिन्यांत दीड-दोन महिन्यांतून एकदा, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या पाव ते अर्ध्या मात्रेत. थंडीच्या आणि कमी उजेडाच्या महिन्यांत काहीच नको. पूर्वी वाळलेली टोकं दिसायला खटकत असतील तर कात्रीने पात्याच्या आकाराने तिरपी कापा, पण हिरव्यात शिरू नका, तपकिरी रेघ बारीकशी राहू द्या. हिरवं कापलं की तिथून पुन्हा वाळायला सुरुवात होते.

पिवळ्या पानांबद्दल माझी तुम्हाला खास विनंती आहे: कापायची घाई करू नका. हे सांगायचं कारण असं, की जवळजवळ सगळेच कापतात. पामला पोटॅशियम कमी पडलं की तो ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतो. म्हणून पिवळेपणा, ठिपके, कडा वाळणं हे आधी खालच्या पानांवर दिसतं. आपण ते अर्धं पिवळं पान कापलं, की नव्या पानाची शिदोरीच काढून घेतली असं होतं. मग झाड त्याच्या वरच्या पानातून काढायला लागतं, ते पिवळं पडतं, आपण तेही कापतो. वर्षभरात झाडावर दोन-तीनच पानं उरतात आणि आपण म्हणतो झाड खंगलं. पान पूर्ण तपकिरी, कोरडं होईपर्यंत राहू द्या. मग देठ खोडापासून थोड्या अंतरावर कापा. उरलेली म्यानासारखी पकड खोडाला घट्ट असेल तर ओढून काढू नका, ती वाळून सैल झाली की आपोआप हातात येते. ओढल्याने खोडाला जखम होते आणि चामेडोरियाच्या जातींना खोडकूज आणणारी गुलाबी बुरशी अशाच जखमांतून आत शिरते.

अर्थात खालचं एखादं पान वर्षा-दोन वर्षांनी पिवळं पडणं हे वयाचंच आहे. नवीही पानं पिवळी निघाली, किंवा एकदम चार-पाच खालची पानं गेली, तर मुळांकडे बघायला हवं.

मुळांकडे तसंही बघायचं आहे, कारण ती दुप्पट कुंडी. छोट्या मुळांभोवती खूप माती असली की ती माती पाणी धरून ठेवते, मुळं ते संपवू शकत नाहीत आणि कुजायला लागतात. पार्लर पामला जरा आवळलेली कुंडीच मानवते. मातीत दोन बोटं खुपसून बघा. पाणी घातल्यावर आठ-दहा दिवसांनीही आत ओल चिकट लागत असेल, वास आंबूस येत असेल, तर झाड कुंडीतून अलगद बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरट किंवा फिकट पिवळसर आणि टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी, मऊ असतं, बोटांनी ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघते आणि आत दोरा राहतो. तेवढी मुळं काढून टाका, बाकीच्यांना शक्यतो हात लावू नका आणि मुळांच्या गोळ्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटरच रुंद असलेल्या कुंडीत बसवा. मिश्रणात कोकोपीट, पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत आणि जाडसर वाळू किंवा सालीचे तुकडे घाला. पाणी ओतल्यावर ते वर साचून न राहता लगेच खाली उतरायला हवं. मुळं चांगली निघाली आणि माती वेळेत सुकत असेल तर मात्र काही करू नका, राहू द्या त्याच कुंडीत. पामला मुळं सारखी हलवलेली आवडत नाहीत, प्रत्येक वेळी तो काही महिने मागे जातो.

पाणी घालायचे वार ठरवू नका. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी झाली की भरपूर घालायचं, ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. कुंडी उचलून बघायची सवय लागली तर वजनावरूनच कळायला लागतं. पानांवर रोज पाण्याचा फवारा मारता असं तुम्ही लिहिलंय. त्याने हवेतला ओलावा काही मिनिटांपुरताच वाढतो. तो वेळ महिन्यातून एकदा पानं दोन्ही बाजूंनी धुण्यात घालवलात तर फायदा जास्त. तापमान 18 ते 27 अंश सेल्सिअसमध्ये हे झाड सुखात असतं, 10 च्या खाली जाऊ देऊ नका आणि वातानुकूलन यंत्राच्या थेट झोतातही ठेवू नका.

शेंडा छाटायचा प्रश्न: कृपा करून छाटू नका. गुलाब किंवा जास्वंद छाटली की खालच्या डोळ्यांतून फांद्या फुटतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळीच झाडं तशी. या पामच्या एका खोडाला वाढणारा कोंब एकच असतो, तो शेंड्यात. तो गेला की ते खोड संपलं. बाजूने फूट येणार नाही. मग रोपवाटिकेतली कुंडी इतकी भरगच्च कशी दिसते? कारण ती एक झाड नसतेच. एकेका कुंडीत दहा-वीस रोपं दाटीने लावलेली असतात, प्रत्येकाचं खोड वेगळं, मुळं वेगळी. तुमच्या कुंडीत मातीजवळ वाकून खोडं मोजा, किती निघतात ते बघून तुम्हालाच नवल वाटेल. त्यातली काही कमजोर रोपं पहिल्या दोन-तीन वर्षांत मरतात, तेही स्वाभाविक आहे. दाटी हवीच असेल तर कडेने दोन-तीन नवी छोटी रोपं लावता येतील. आहेत ती वेगळी करायचा मोह टाळा, चार वर्षांत मुळं एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की सोडवताना तुटतात.

ज्यांचा पार्लर पाम उलट खूप उंच, खाली उघडा आणि वर चार पानांचा झालाय, त्यांच्यासाठी एक सोय आहे, जी पामांमध्ये विरळाच. याच्या खोडावरच्या कांड्यांपाशी, जमिनीच्या वर, मुळांचे बारीक टोकदार उंचवटे येतात. वरच्या भागातल्या अशा उंचवट्यांभोवती ओलं शेवाळ बांधून वर प्लॅस्टिक गुंडाळलं आणि काही महिने ओल टिकवली तर तिथे मुळं धरतात. ती चांगली वाढली की त्यांच्या खाली खोड कापून वरचा भाग नव्या कुंडीत लावता येतो. खालचं उरलेलं खोड मात्र मरतं. ही गुटी कलमाचीच रीत. तुमच्या गुडघ्याएवढ्या झाडाला तिची गरज नाही.

आता आईंचं म्हणणं. त्या म्हणतात ते काही पामांच्या बाबतीत अगदी खरं आहे. टॅलिपॉट नावाचा प्रचंड ताड 30 ते 80 वर्षं वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि फळं पिकली की मरतो. बांबूच्याही कित्येक जाती फुलल्यावर वाळतात. आईंनी असं काही पाहिलं किंवा ऐकलं असेल. पार्लर पाम मात्र तसा नाही. तो अगदी लहानपणीच, तुमच्या झाडाएवढ्या उंचीवरही फुलू लागतो आणि पुढे पुन्हा पुन्हा फुलतो. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. तुमच्या कुंडीत अनेक रोपं असल्यामुळे दोन्ही असण्याची शक्यता आहे. दोन वेगळ्या खोडांवर एकाच वेळी तुरे आले तर मऊ कुंचल्याने एकावरून दुसऱ्यावर फिरवून बघा. फळ धरलं तर वाटाण्याएवढ्या गोळ्या येतात, पिकल्यावर काळ्या होतात आणि त्यांचा देठ केशरी-लाल होतो. त्या गराने त्वचेची आग होते, म्हणून बी काढताना हातमोजे घाला. बी ताजंच पेरा, एक सेंटिमीटर खोल, 25 ते 30 अंशांच्या उबेत, आणि महिनोन्‌महिने वाट बघायची तयारी ठेवा. यात रस नसेल आणि झाड अशक्त वाटत असेल तर तुरे कापून टाका, तेवढीच त्याची ताकद वाचेल.

मांजराची काळजी नको. पार्लर पाम मांजरांना आणि कुत्र्यांना विषारी नाही. पानं कुरतडली जाऊन झाडाचं रूप बिघडेल, तेवढंच. पण हे वाचणाऱ्या सगळ्यांनी एक लक्षात ठेवावं: ‘सागो पाम’ म्हणून जे विकलं जातं ते पाम नव्हेच, सायकस आहे आणि ते कुत्र्या-मांजरांसाठी जीवघेणं विषारी आहे. बिया तर सगळ्यात जास्त. पाळीव प्राणी असलेल्या घरात ते आणू नका.

हवा शुद्ध होते म्हणून पाम घेतला होता, असंही तुम्ही लिहिलंय. त्याची पाळंमुळं 1989 च्या नासाच्या प्रयोगांत आहेत. त्यांत पार्लर पामचा चुलतभाऊ, चामेडोरिया सायफ्रिझी, तपासला होता. पण ते प्रयोग छोट्या बंद पेट्यांमध्ये झाले होते. 2019 मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे खऱ्या घरांना लावून पाहिले. तेव्हा दिसलं की साध्या हवेच्या ये-जा इतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडा. पाम आवडतो म्हणून ठेवा.

आणि ‘हाताला यश नाही’ हे. चार वर्षांत आधी अंधारात, मग खताच्या माऱ्यात, मग कडक उन्हात हे झाड जगलं, फुललंसुद्धा. पानाचं टोक वाळलं तरी तुमच्या लक्षात येतं, पानांमधून सुया निघाल्या तरी येतात. हात असाच असावा लागतो. त्याने आता जरा कमी करावं, एवढंच माझं म्हणणं आहे. बहिणीला द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण तिचा हात चांगला म्हणून देऊ नका. ज्या उन्हात तिचा अरेका इतका वाढला, त्याच उन्हात हा करपेल. तिच्या घरी सावलीची, मऊ उजेडाची जागा असेल तरच द्या. माझं मत विचाराल तर देऊ नका.

पुढचे सहा महिने एवढंच करा: कीड तपासून आत आणा, माती एकदा धुवा, मुळांची शंका असेल तर एकदाच बघा आणि मग जागा, कुंडी, खत यातलं काहीही बदलू नका. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या की कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं हे कुणालाच कळत नाही. हिरव्या सुयांपैकी एकीच्या शेजारच्या पानाच्या देठाला सैलसा दोरा बांधून खूण करा आणि महिन्यातून एकदा तिची लांबी पट्टीने मोजून लिहून ठेवा.

सहा महिन्यांत एखाद्या खोडावरची सुई जराही लांबली नाही तर ती बोटांत धरून अगदी हलक्या हाताने वर ओढा. घट्ट असेल तर थांबा, अजून वेळ द्या. सहज सुटून हातात आली आणि तिचं खालचं टोक मऊ, काळपट, घाण वासाचं असेल तर त्या खोडाचा कोंब कुजलाय. ते खोड मातीलगत कापून घराबाहेर टाका, कात्री स्पिरिटने पुसून घ्या आणि काही आठवडे पाणी पानांवर न ओतता फक्त मातीत घाला. बाकीची खोडं स्वतंत्र रोपं आहेत, ती वाढत राहतील.